सात नंबरचा गुडघा

सदतीस वर्षं मी घाबरत नोकरी केली, आणि हे मी थोड्या अभिमानानं सांगतो आहे. विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात अतिशीत प्रयोगशाळेचा तंत्रज्ञ म्हणून मला घेतलं, तेव्हा मुलाखतीत विचारलं होतं की हाताला कंप आहे का आणि रंग नीट ओळखू येतात का. झोप शांत लागते का, हे कुणी विचारलं नाही. लागत असती तर मी त्या कामाच्या उपयोगाचा ठरलो नसतो. सकाळी काशीतल्या दूधविनायकच्या गल्लीतून स्कूटर बाहेर काढताना पहिला विचार यायचा की भट्टी चालू असेल ना, दुसरा की थंडाव्याचं हेलियम उडून गेलं नसेल ना, आणि तिसरा, घरातला गॅस बंद केला ना. सौ. म्हणायची, "तुमचा क्रम उलटा आहे."

गल्लीत माझं काम कुणाला कधी समजलं नाही. "काळेजी ठंडे वाले डिपार्टमेंट में हैं," एवढीच माझी ख्याती. एकदा लग्नाचे मंडप सजवणारा एक जण बादल्या घेऊन दारात हजर झाला. वरमालेच्या वेळी नवरा-नवरीच्या पायाशी धूर सोडायचा होता, त्याला द्रव नायट्रोजन हवा होता. बंद हॉलमध्ये तो सोडला तर हवेतला प्राणवायू कमी होऊन वऱ्हाडी आडवे होतील, असं मी सांगितलं. तो म्हणाला, "अरे साहब, आप तो डरते बहुत हैं." त्याचं निदान अचूक होतं.

आता ज्यांना खरोखर समजून घ्यायचं आहे त्यांच्यासाठी सांगतो. काही पदार्थ पुरेसे थंड केले की त्यांच्यातून वीज बिनविरोध वाहते, विरोध अगदी शून्य. आमचा पदार्थ म्हणजे तांबं, बेरियम, यट्रियम आणि प्राणवायू यांचा काळा, ठिसूळ स्फटिक. नखाच्या टोकाएवढा निघाला तर आम्ही पेढे वाटायचो. हा स्फटिक थंड करून चुंबकात ठेवला की चुंबकाचं बल त्याच्यातून सरसकट जात नाही, बारीक बारीक धाग्यांनी जातं. प्रत्येक धाग्याभोवती वीज गरगर फिरत असते, म्हणून त्याला भोवरा म्हणायचं. हे भोवरे एकमेकांना दूर ढकलतात आणि शेवटी सगळे सारख्या अंतरावर, रांगोळीच्या ठिपक्यांसारखे, जाळी करून उभे राहतात. मग स्फटिक हळूहळू गरम करत न्यायचा. भोवरे थरथरायला लागतात, आणि एका ठरावीक तापमानाला ती सगळी जाळी एकदम मोडते. स्फटिक दगडासारखा जागेवरच असतो, त्याच्या आतली जाळी मात्र वितळलेली असते. भोवरे सैरावैरा वाहू लागतात आणि विजेला पुन्हा विरोध सुरू होतो. कागदावर शून्याला टेकून आडवी चाललेली रेष तिथं एकदम वर उठते. त्या वळणाला आमच्या प्रयोगशाळेत 'गुडघा' म्हणत.

पण हे झालं स्वच्छ स्फटिकाचं. स्फटिकात कुठं अणू गायब असेल, कुठं रांग चुकलेली असेल, तर भोवरा त्या खाचेत जाऊन अडकतो. एक अडकला की शेजारचा सरकतो, आणि जाळी वेडीवाकडी होते. मग ती बर्फासारखी एका अंशाला वितळत नाही, मेणासारखी मऊ होत जाते. गुडघा दिसेनासा होतो, नुसता उतार राहतो. किती दोष घातले म्हणजे गुडघा जातो, हा आमच्या सरांचा आयुष्यभराचा प्रश्न होता. सर म्हणजे आमचे प्रयोगशाळाप्रमुख. मी त्यांच्यासाठी जितके निर्दोष करता येतील तितके स्फटिक करायचो.

करायचो म्हणजे काय, तर मुशीत मिश्रण वितळवून भट्टी तासाला एखादा अंश या गतीनं थंड करायची. असे तीन-तीन आठवडे. एका खेपेला सोळाव्या दिवशी माकडांनी गच्चीवरच्या केबलवर झोके घेतले आणि केबल तुटली. जनरेटर उठेपर्यंत भट्टी शंभर अंश खाली आली. मूस फोडली तर आत भेगा पडलेले, पोटात घाण अडकलेले स्फटिक. मी दोन दिवस जेवलो नाही. त्याच आठवड्यात दुसऱ्या गावचे एक संशोधक भेटीला आले होते, विजेच्या तारा बनवण्याच्या मागे लागलेले. त्यांनी तो कचरा पाहिला आणि त्यांचा चेहरा उजळला. भोवरे जितके घट्ट अडकतील तितकी जास्त वीज त्या तारेतून जाते, त्यामुळे त्यांना असला माल सोन्यासारखा होता. त्यांनी तो डबीत भरून नेला आणि नंतर आभाराचं पत्र पाठवलं. माझ्या कामाबद्दल मला आलेलं ते एकमेव पत्र.

रेवती आमच्याकडे पीएच.डी.ला आली ती माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षांत. मुन्शी घाटाजवळच्या मराठी घरातली मुलगी. तिचे वडील पौरोहित्य करतात, आमचं घर त्यांना ओळखतं. पहिल्याच दिवशी ती मला "काका" म्हणाली, आणि बाकीची मुलं मला "काळेजी" म्हणत असताना ती एकटीच त्या खोलीत मराठी बोलायची. मराठी म्हणजे आमच्या काशीची: "काका, ये पंप आवाज करतोय, जरा बघून घ्या ना."

तिचा प्रयोग साधा आणि सुरेख होता. एक अगदी निर्दोष स्फटिक घ्यायचा, गुडघा मोजायचा. मग तोच स्फटिक दुसऱ्या शहरातल्या मोठ्या यंत्रावर पाठवून त्याच्यावर इलेक्ट्रॉनांचा मारा करायचा. त्या माऱ्यानं आत अणूंच्या जागा हलतात, म्हणजे मोजून-मापून दोष घालता येतात. परत आल्यावर पुन्हा गुडघा मोजायचा. त्यासाठी मी तिला सात नंबर दिला. एवढ्या वर्षांत माझ्या हातून झालेला तो सर्वांत चांगला स्फटिक. त्याचा गुडघा इतका टोकदार होता की सरांनी त्याचा कागद भिंतीवर लावला होता. सोबत जुळा म्हणून आठ नंबरही पाठवला, एखादा वाटेत फुटला तर असावा म्हणून.

मारा होऊन डबी परत आली, तेव्हा सात नंबरची एक तार सुटलेली होती. मोजणीसाठी स्फटिकावर केसाहून बारीक सोन्याच्या चार तारा चांदीच्या लेपानं चिकटवलेल्या असतात. त्या दिवशी रेवती घरी होती, तिच्या आईला ताप होता. तिला कशाला त्रास, म्हणून मी तार चिकटवली. लेप पक्का करायला स्फटिक भट्टीत ठेवावा लागतो. मी ठेवला, काढला, तपासला, जोड उत्तम झाला. रजिस्टरात लिहिलं: 'सात नंबर. जोडणी दुरुस्त. ठीक.' भट्टीचं लिहिलं नाही. जोडणी म्हटलं की भट्टी आलीच, हे आमच्या धंद्यात शेंबड्या पोरालाही माहीत असतं, तर लिहायचं काय?

चार दिवसांनी रेवती संगणकासमोरून ओरडली, "काका! इकडे या ना! गुडघा अजून आहे! बिलकूल तसाच!"

खरंच तसाच होता. इतका मारा होऊनही जाळी एकदम, एका अंशाला वितळत होती. म्हणजे तेवढ्या दोषांची त्या वितळण्याला पर्वाच नव्हती. आजवर लोक जे मानत आले त्याच्या उलट. सर तीन वेळा आले आणि तीन वेळा तोच कागद बघून गेले. थंड होताना ज्या तापमानाला स्फटिकाचा विरोध जातो, ते माऱ्यानंतर थोडं खाली यायला हवं होतं, तेही हललं नव्हतं. सर म्हणाले की मारा सौम्य असेल. आनंदात माणूस स्वतःला किती पटकन समजावतो! लेख लिहिला गेला, नियतकालिकाकडे गेला. त्याच्या जोरावर रेवतीला परदेशातल्या एका प्रयोगशाळेनं दोन वर्षांच्या कामासाठी बोलावलं. तिच्या वडिलांनी आमच्या घरी पेढे आणून दिले.

मग एके दिवशी दुपारी महाविद्यालयांतले शिक्षक प्रयोगशाळा बघायला आले. भट्टीपाशी उभं राहून मी नेहमीचं सांगत होतो, शेकडो वेळा सांगितलेलं: "स्फटिक को हम ऑक्सीजन में चार सौ डिग्री पर सेंकते हैं. गरमी मिलती है तो अंदर के अणु अपनी जगह लौट आते हैं, दोष भर जाते हैं..."

आणि मी थांबलो. एका बाईंनी विचारलं, "फिर?" सात नंबर मी याच भट्टीत ठेवला होता. इलेक्ट्रॉनांनी घातलेले दोष मी माझ्या हातानं भरून काढले होते. रेवतीनं मोजला तो मारा झालेला स्फटिक नव्हताच, बरा झालेला स्फटिक होता. गुडघा टिकला नव्हता, परत आला होता.

त्यानंतर अकरा दिवस मी कुणाला काही बोललो नाही. हे लिहिताना आजही लाज वाटते. रोज सकाळी ठरवायचो की आज सांगायचं, आणि दारात रेवती दिसली की पंपाकडे वळायचो. ती व्हिसाचे कागद जमवत होती. आईसाठी तिनं तिकडच्या थंडीची माहिती मोबाइलवर काढून ठेवली होती. मी मनाशी वाद घालायचो: एका तासात असे कितीसे दोष भरले असतील? कदाचित निष्कर्ष खराही असेल. पण आठ नंबर कपाटात पडला होता. त्याच्यावरही तोच मारा झाला होता आणि त्याच्या चारही तारा जागेवर होत्या, म्हणजे त्यानं भट्टी पाहिली नव्हती. तो मोजला की दोन दिवसांत निकाल लागणार होता. मी त्या कपाटाकडे बघायचंच टाळत होतो.

दरम्यान शेजारी एका घरी वेदपारायण होतं. माझे थोरले भाऊ, अण्णा, घनपाठी वैदिक आहेत, ते त्या म्हणणाऱ्यांत होते. मी ऐकत बसलो होतो. मध्येच एका वयस्क वैदिकांचा स्वर चुकला. अण्णांनी मांडीवर थाप मारली, सगळे थांबले, आणि त्या अनुवाकाच्या, म्हणजे त्या खंडाच्या, आरंभापासून पुन्हा म्हणायला लागले. चुकणाऱ्याला कुणी काही बोललं नाही. फराळाच्या वेळी मी अण्णांना विचारलं, "आणि चूक सगळं संपल्यावर ध्यानात आली तर?"

"तर परत म्हणायचं. त्यात काय?"

"आणि ऐकणाऱ्याच्या ध्यानात आली होती, पण तो गप्प राहिला तर?"

अण्णांनी द्रोण खाली ठेवला. "तू काय केलंयस ते आधी सांग," ते म्हणाले.

मी म्हटलं, काही नाही, सहज विचारलं. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मला फराळ गोड लागला नाही. दुसऱ्या दिवशी, बुधवारी, मी प्रयोगशाळेत गेलो आणि रेवतीच्या टेबलाशी उभा राहिलो. ती प्रबंधाआधीच्या जाहीर सेमिनारची तयारी करत होती. मी उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं.

ती रडेल असं मला वाटलं होतं. तिनं विचारलं, "किती डिग्री?"

"चारशे."

"किती वेळ?"

"एक तास."

"ऑक्सिजनमध्ये?"

"हो."

तिनं लॅपटॉप मिटला. भिंतीवरच्या त्या कागदाकडे पाहिलं. मग म्हणाली, "ध्यानात कधी आलं तुमच्या?"

हा प्रश्न येईल याची मला सर्वांत जास्त भीती होती. "अकरा दिवस झाले," मी म्हटलं.

"अकरा दिवस? काका, अकरा दिवस तुम्ही माझ्यासमोर चहा पीत होता?" ती खुर्ची मागे ढकलून उठली. "बाबांनी पेढे दिले ते पण तुम्ही खाल्ले!"

पेढे माझ्या ध्यानात येण्याच्या आधीचे होते, पण ते सांगण्याची ती वेळ नव्हती.

आम्ही दोघं सरांकडे गेलो. सगळं ऐकून सरांनी चष्मा पुसला. मग हळूच म्हणाले, "काळेजी, रजिस्टर में तो हीटिंग लिखी नहीं है. आपको पक्का याद है?" त्या प्रश्नात एक दार किलकिलं केलेलं होतं, ते मला दिसलं आणि रेवतीलाही दिसलं असणार. मी म्हटलं, "पक्का, सर." तीच पुढं म्हणाली, "सर, आठ नंबर नापते हैं."

आठ नंबर गुरुवारी चुंबकात गेला. हेलियम मी भरलं, तारांना मात्र हात लावला नाही. शुक्रवारी दुपारी रेष उमटत गेली. आम्ही तिघं पडद्यासमोर उभे होतो. जिथं गुडघा यायचा तो अंश आला आणि गेला. रेष उठली नाही, हळूहळू चढत राहिली, मेणासारखी. सर खोलीत गेले आणि लेख मागे घेत असल्याचं पत्र त्यांनी त्याच संध्याकाळी पाठवलं. त्या एका संध्याकाळसाठी मी त्यांना पुष्कळ काही माफ करतो.

सोमवारी सेमिनार झाला. रेवतीनं रद्द केला नाही. ती फळ्यापाशी उभी राहिली आणि म्हणाली की मागचा निष्कर्ष चूक होता, माऱ्यानंतर स्फटिक तापवला गेला होता आणि दोष भरून आले होते. दोन्ही कागद तिनं शेजारी शेजारी दाखवले. मी मागच्या रांगेत, दिव्यांच्या बटणांपाशी बसलो होतो. बाहेरून आलेल्या एका प्राध्यापकांनी विचारलं, "हीटिंग किसने की?"

"क्रिस्टल मेरा था, सर," रेवती म्हणाली. "ज़िम्मेदारी मेरी है."

"मैंने पूछा, की किसने?"

"लैब में हुई, सर."

ते हसले. आजकालच्या विद्यार्थ्यांना आपल्याच नमुन्याचं काय होतं याचा पत्ता नसतो, असं काहीतरी ते शेजारच्याला म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. पुढच्या रांगांतले काही जण हसले. रेवतीनं एकदाही मागं पाहिलं नाही. मागं पाहिलं असतं तर सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे वळल्या असत्या, हे तिला कळत होतं.

मी उठलो नाही. निवृत्तीला चार महिने उरले होते. मला निरोप समारंभ दिसत होता, शाल दिसत होती, सदतीस वर्षांत काळेजींच्या हातून एकही चूक झाली नाही असं म्हणणारे लोक दिसत होते. उठायला एक क्षण लागतो, तो क्षण गेला, मग दुसरा प्रश्न आला आणि मी दिवे लावले.

परदेशातलं बोलावणं गेलं. रेवतीला दीड वर्ष जास्त लागलं. आठ नंबरला तिनं थोडं थोडं तापवून, प्रत्येक वेळी मोजून, गुडघा पायरीपायरीनं परत कसा येतो ते दाखवलं. काम पक्कं झालं. तारा ती स्वतः चिकटवायला शिकली. शिकवलं मीच, निवृत्तीनंतरही जाऊन. तिनं मला कधी नाही म्हटलं नाही, पण तिच्या स्फटिकाला हात लावायलाही परत कधी सांगितलं नाही.

हे सगळं मी पोटात ठेवूनच गेलो असतो. पण गेल्या वर्षी रेवती एका संस्थेत नोकरीच्या मुलाखतीला गेली, तेव्हा समितीतल्या एकानं तिला पाहताच विचारलं, "आप वही हैं न, क्रिस्टल जलाने वाली?" तिनं नंतर फोनवर हे हसत सांगितलं. नोकरी दुसऱ्याला मिळाली.

या अंकासाठी लिहायचं ठरलं तेव्हा मी तिला विचारलं, की या सगळ्याबद्दल लिहू का. तुझं नाव बदलेन, गाव तेवढं राहू देतो. ती म्हणाली, "लिहा काका. पण टेम्परेचर सही लिहा."

तर त्या सभागृहात विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर असं. चारशे अंश, एक तास, ऑक्सिजनच्या प्रवाहात. रेवती त्या दिवशी घरी होती, तिला कुणी विचारलं नव्हतं आणि सांगितलंही नव्हतं. सात नंबर मी तापवला.